ल्हासा की शित्झू? आधी सासूबाईंना विचारा

प्रश्न : आम्ही नागपूरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो. घरी नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असतात. मुलाच्या मित्राकडे शित्झू जातीचा कुत्रा आहे, त्यामुळे त्याला शित्झूच हवा. पतींच्या लहानपणी त्यांच्या मामांकडे ल्हासा अप्सो होता, म्हणून त्यांचा ओढा तिकडे आहे. मला तर दोन्ही सारखेच दिसतात. विक्रेताही म्हणाला, "दोन्ही एकच समजा, शित्झूचे नाक चपटे असते म्हणून दहा हजार जास्त." एप्रिलमध्ये मुलाचा वाढदिवस आहे आणि तोवर पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू देतो, असे त्याने सांगितले आहे. कोणते घ्यावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले होते. मुलाला शित्झू का हवा ते त्यात आहे, मामांकडचा ल्हासा आहे, विक्रेत्याचा भाव आहे, तुमचा संभ्रमही आहे. पण तुम्ही दोघे कामावर आणि मुलगा शाळेत असताना सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत ते कुत्रे ज्यांच्या पायाशी असणार आहे, त्या सासूबाईंना काय वाटते, याबद्दल एक ओळही नाही. माझे उत्तर आधीच सांगून टाकते : नागपूरसाठी आणि तुमच्या घरासाठी मी ल्हासा अप्सो सुचवेन, आणि तेही पिल्लू नव्हे, तर दोन-तीन वर्षांचे, वाढ पूर्ण झालेले कुत्रे. मात्र सासूबाईंनी नको म्हटले, तर दोन्हीही नको.

विक्रेता अगदीच खोटे बोललेला नाही. दोन्ही जातींचे मूळ तिबेटकडे जाते. ल्हासा अप्सो तिथल्या मठांत आणि मोठ्या घरांत आतल्या दाराची राखण करी. बाहेर तिबेटी मॅस्टिफ जातीचा दांडगा कुत्रा असे, आणि त्याची नजर चुकवून कोणी आत शिरलेच, तर हा छोटा ओरडून घर जागे करी. तिबेटमधून चीनच्या राजदरबारात भेट म्हणून गेलेल्या अशाच छोट्या कुत्र्यांचा तिथल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांशी संकर होऊन शित्झू घडला, असे मानले जाते. १९३० मध्ये चीनमधून काही शित्झू इंग्लंडला नेण्यात आले, तेव्हा तिथल्या जाणकारांनीही त्यांना आधीच आलेल्या अप्सोंच्या पंक्तीला बसवले होते. १९३३ मध्ये एका प्रदर्शनात दोघे शेजारी शेजारी उभे राहिले, तेव्हा नाकातला आणि पायांतला फरक डोळ्यांत भरला, आणि १९३४ मध्ये दोन्ही जातींची अधिकृत फारकत झाली. कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने ल्हासाला १९३५ मध्ये मान्यता दिली. शित्झूला त्यासाठी १९६९ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा तुम्हाला दोन्ही सारखे दिसतात, यात ओशाळण्यासारखे काही नाही. फक्त एवढे लक्षात असू द्या की एकाची नोकरी दाराशी होती आणि दुसऱ्याची मांडीवर, आणि दोघेही आपापली नोकरी अजून विसरलेले नाहीत.

ओळखायचे असेल, तर कुत्र्याकडे समोरून न पाहता बाजूने पाहावे. पूर्ण वाढलेल्या ल्हासाच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत साधारण दीड इंच अंतर असते. शित्झूचे नाक एका इंचाच्या आतच संपते. ल्हासाचे डोळे मध्यम, लांबट आणि केसांच्या पडद्याआड असतात. शित्झूचे मोठे, गोल आणि थेट तुमच्याकडे रोखलेले असतात. शित्झूच्या नाकावरचे केस वर आणि चहूबाजूंना फुटतात, त्यामुळे त्याचा चेहरा उमललेल्या शेवंतीसारखा दिसतो. ल्हासाचा केस जाड, सरळ आणि हाताला किंचित राठ लागतो, शित्झूचा मऊ. वजनात फारसा फरक नाही : शित्झू साधारण ४ ते ७ किलोचा, तर ल्हासा साडेपाच ते आठ किलोचा. पिल्लांत मात्र हे सारे फरक धूसर असतात, म्हणून पिल्लापेक्षा त्याची आई पाहणे केव्हाही शहाणपणाचे. शित्झू म्हणून माझ्याकडे लसीकरणाला आणलेली कितीतरी पिल्ले वर्षभरात लांब नाकाची झाली आहेत, आणि त्यांच्या मालकांना मी दरवेळी हेच सांगत आले की तुम्ही फसलात खरे, पण कुत्र्याचे भलेच झाले.

हे मी थट्टेने म्हणत नाही. अमरावतीला मी बारा वर्षे प्राण्यांचा दवाखाना चालवला आहे, त्यामुळे विदर्भाचा उन्हाळा कुत्र्यांच्या बाजूने पाहिलेला आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा कूलर. तुमच्या खिडकीतला कूलर ओल्या खसातून, म्हणजे वाळ्याच्या ताटीतून, कोरडी हवा ओढतो, पाणी उडून जाते आणि हवा गार होते. नेमके तेच काम कुत्र्याच्या नाकातल्या आणि तोंडातल्या ओल्या अस्तरावर चालते, फक्त तिथे हवेऐवजी रक्त गार होते. नाक आखूड म्हणजे खस कमी, आणि त्यात नाकपुड्या चिमटलेल्या असल्या की हवा ओढणारा पंखाही कमजोर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हा छोटा कूलर पुरा पडत नाही, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की खिडकीतला कूलर जसा नुसताच घरघरतो, तसा हाही घरघरतो. विक्रेता ज्या नाकाचे दहा हजार रुपये जास्त मागतो आहे, ते नाक नागपूरला सोसणारे नाही.

एका मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला माझ्याकडे चार वर्षांचा एक शित्झू आणला होता. ऊन उतरले म्हणून घरच्यांनी त्याला सहा वाजता फिरायला नेले होते. पण डांबरी रस्ता ऊन उतरल्यावरही तासन्‌तास धग सोडत राहतो आणि इतके बुटके कुत्रे त्या धगीपासून वीतभर अंतरावरून चालत असते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. टेबलावर ठेवला तेव्हा त्याची जीभ जांभळट झाली होती, श्वास घोरल्यासारखा येत होता आणि थर्मामीटर ४१.४ अंश दाखवत होता. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते. नळाच्या पाण्याने सतत भिजवत, पंख्याखाली, सलाइन लावून तो सुटला. अशा वेळी बर्फ चोळत बसू नये आणि ओल्या टॉवेलात गुंडाळूनही ठेवू नये, कारण टॉवेल लवकरच गरम होऊन आतली उष्णता कोंडतो. साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

ल्हासाला उन्हाळा मानवतो, असे मात्र समजू नका. तो उंच, थंड आणि कोरड्या प्रदेशातला, दाट केसांचा प्राणी आहे, आणि त्याचे नाकही देशी कुत्र्याइतके लांब नाही. त्याला शित्झूपेक्षा थोडी जास्त सवलत मिळते, इतकेच. दोघांपैकी कोणीही घरी आला, तरी मार्चअखेरपासून फेरी पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात-आठ सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवली नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. दुपारी कूलर चालू असताना खिडकी किंचित उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. आणि वीज गेल्यावर तुमच्या इन्व्हर्टरवर काय काय चालते, तेही एकदा पाहून ठेवा, कारण त्या वेळी घरी फक्त सासूबाई असतील.

शित्झूच्या डोळ्यांबद्दलही सांगायला हवे. त्याची खोबण उथळ असल्यामुळे डोळा पुढे आलेला असतो, आणि पलंगाचा कोपरा, पेन्सिलीचे टोक किंवा त्याचा स्वतःचाच केस बुबुळाला ओरखडा काढायला पुरेसा होतो. ओरखड्याची जखम दोन दिवस दुर्लक्षित राहिली, तर डोळ्यात फूल पडते आणि कधी डोळा गमवावा लागतो. म्हणून शित्झूने डोळा बारीक केला किंवा पंजाने चोळला, तर उद्यावर टाकू नये आणि घरातले उरलेले जुने थेंब तर मुळीच घालू नयेत. त्याच्या गळ्यात ओढ बसणारा पट्टा न घालता छातीचा पट्टा घालावा, हेही याच कारणासाठी. ल्हासालाही डोळ्यांचे आजार होतात, विशेषतः अश्रू आटून डोळा कोरडा पडण्याचा. पण हा रोजचा धोका त्याच्या वाट्याला कमी येतो.

आता तुमच्या मुलाची बाजू, कारण तो चुकीचे बोलत नाही. मुलांशी जमवून घेण्यात शित्झू नक्कीच पुढे आहे. तो पाहुण्याच्याही मांडीवर चढतो, कमी भुंकतो आणि थोड्याफार ओढाताणीकडे काणाडोळा करतो. ल्हासा घरच्यांवर जीव टाकतो, पण परक्याला पारखून घेतो, झोपेतून दचकवलेले त्याला खपत नाही आणि नावडते काही घडले की आधी गुरगुरतो. त्या गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नये. गुरगुरल्यावर मार बसतो हे शिकलेले कुत्रे पुढच्या वेळी सूचना न देताच चावते. घरात तीन-चार वर्षांचे मूल असते, तर मी ल्हासाचे नाव काढले नसते. पण नऊ वर्षांच्या मुलाला जेवताना आणि झोपताना त्याच्या वाटेला जायचे नाही, एवढा नियम पाळता येतो, आणि नियम पाळणाऱ्या मुलाची ल्हासाशी जी मैत्री जमते ती फार घट्ट असते.

सासूबाईंसाठी मात्र हिशेब वेगळा आहे. शित्झू माणसाच्या पायात पायात घुटमळतो : स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दाराशी, रात्री उठावे तर चपलांजवळ. गुडघे दुखणाऱ्या किंवा अंधुक दिसणाऱ्या माणसासाठी हे धोक्याचे आहे, कारण त्या वयात अडखळून पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती. ल्हासाला सोफ्याच्या पाठीवर किंवा खिडकीशी उंच जागी बसून पहारा करायला आवडते. तो सोबत असतो, पण चार हातांवरून. त्याची खोड म्हणजे भुंकणे. दाराची घंटा, लिफ्टचा आवाज, समोरच्यांकडे आलेला कुरिअरवाला, प्रत्येक वेळी तो वर्दी देणारच, आणि सासूबाईंना दुपारी झोप लागत असेल, तर आठवड्याभरात त्या कंटाळतील. दिवसभर एकट्या असणाऱ्या काही वृद्धांना हीच वर्दी आधाराची वाटते, कारण दारात कोणी आले हे त्यांना आधी कळते. सासूबाई यांपैकी कोणत्या, हे तुम्ही मला सांगू शकत नाही. त्यांनाच विचारावे लागेल. कुत्रे कोणतेही आणा, त्याच्या पट्ट्याला एक घुंगरू बांधा, म्हणजे ते कुठे आहे ते त्यांना न बघताच कळेल. आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कौतुकाने त्याच्यापुढे ठेवू नये, हे त्यांना आवर्जून सांगा : त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा-लसणाची भाजीही तशीच वर्ज्य.

केसांबद्दल विक्रेते कधीच खरे सांगत नाहीत. या दोन्ही जातींचे केस फारसे गळत नाहीत, ही गोष्ट खरी. पण गळालेला केस जमिनीवर न पडता उरलेल्या केसांतच अडकतो आणि त्याची जट होते. वरून हात फिरवला तर सगळे मऊमऊ लागते, आणि कानांमागे, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्याखाली कातडीला चिकटून नमद्यासारखा थर बसलेला असतो. त्या थराखाली पावसाळ्यात ओल राहते, कातडी लाल होते आणि गोचिडांना घर मिळते. म्हणून विंचरायचे ते वरवर नव्हे : कुत्र्याला कुशीवर निजवावे, केसांवर पाण्याचा हलका फवारा मारावा, एका हाताने केसांचा झुपका वर धरून खाली कातडीची रेघ दिसेल असा भांग पाडावा, आणि त्या रेघेपासून टोकापर्यंत धातूची फणी न अडता जाते का ते पाहावे, मग बोटभर खालचा पुढचा भांग. केस लांब ठेवलेत, तर यात रोज वीस-पंचवीस मिनिटे जातात. साधारण आठ महिने ते एक वर्ष या काळात पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात, तेव्हा तर आज सोडवलेली जट उद्या पुन्हा हजर असते, आणि नेमक्या याच वयात घरच्यांचा उत्साह संपलेला असतो. तुमच्या घरात हे काम कोण करणार? मुलगा उत्साहाने हात वर करील, पण शाळा, शिकवणी आणि परीक्षा यांच्या दिवसांत ते काम सासूबाईंकडे किंवा रात्री नऊला तुमच्याकडे येईल. त्यामुळे मी सरळ सांगते : लांब केसांचा हौशी थाट विसरा आणि दर सहा-आठ आठवड्यांनी केस इंचभर ठेवून कापून घ्या. उन्हाळ्यात अगदी कातडीपर्यंत मात्र भादरू नये, कारण केस काही प्रमाणात उन्हापासून आडोसा देतात.

आजारांचे बाकी बरेचसे सारखे आहे. दोन्ही जातींत मूत्रपिंडाची जन्मजात अपुरी वाढ आढळते, गुडघ्याची वाटी सरकते, कान बिघडतात, आणि शित्झूच्या लहान जबड्यात दात दाटीने बसत असल्यामुळे हिरड्या लवकर बिघडतात व दात हलतात. दोघेही नीट सांभाळले, तर बारा ते पंधरा वर्षे सोबत करतात; म्हणजे तुमचा मुलगा नोकरीला लागेल, तोवर हे कुत्रे घरात असेल.

एप्रिल आणि पंचेचाळीस दिवस, या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा, म्हणजे छप्पन्न दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. हे अकरा दिवस किरकोळ नाहीत. आई आणि भावंडांबरोबरच्या या काळात किती जोराने चावले की समोरचा ओरडतो, हे पिल्लू शिकते; ते तिथे शिकले नाही, तर तुमच्या मुलाच्या हातावर शिकते. शिवाय सोळा आठवड्यांपर्यंत लसींचे डोस चालू असतात आणि दर दोन-तीन तासांनी शी-शूची वेळ होते. ऐन उन्हाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर, ते सारे कोण निस्तरणार, हे सांगायला नको. या दोन्ही जाती, विशेषतः शित्झू, याबाबतीत उशिरा शिकणाऱ्या आहेत.

म्हणूनच मी मोठ्या कुत्र्याचा आग्रह धरते. बदली झाली, बाळ झाले, परदेशी जायचे ठरले, अशा कारणांनी ल्हासा आणि शित्झू सोडून देणारी कुटुंबे प्रत्येक शहरात असतात. तुमच्या भागातल्या पशुवैद्यांना आणि प्राणी आश्रयगृहांना सांगून ठेवा, एक-दोन महिने धीर धरा. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचे नाक किती लांब, श्वास किती मोकळा, घंटेला किती भुंकते, मुलांशी कसे वागते, हे सगळे आधीच उघड असते. आणि असा एखादा शित्झू मिळाला, ज्याचे नाक थोडे पुढे आहे, नाकपुड्या उघड्या आहेत आणि दहा मिनिटे चालल्यावरही श्वास घोरल्यासारखा येत नाही, तर माझे ल्हासाचे मत बाजूला ठेवून तो खुशाल आणा. आणण्याचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा, म्हणजे पाऊस आणि गोचिडांचा जोर ओसरलेला असेल आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी त्याला घर अंगवळणी पडायला चार-पाच महिने मिळतील. महानगरपालिकेची नोंदणी आणि रेबीजची लस तेव्हाच उरकून घ्या. सोसायटीत कोणी कुत्र्यांना बंदी असल्याचे सांगितले, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यांनुसार अशी सरसकट बंदी घालता येत नाही.

वाढदिवसापूर्वी एक करून पाहा. मुलाच्या मित्राकडे शित्झू आहेच. त्याच्या आईवडिलांना विनंती करून एका रविवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तो तुमच्याकडे ठेवून घ्या. तुम्ही दोघे कामावर असल्याप्रमाणे आतल्या खोलीत राहा, फणी मुलाच्या हातात द्या आणि दुपारी दोनला त्याला स्वतःला उठून पाण्याचे भांडे भरू द्या. संध्याकाळी कुत्रे परत पोहोचवून आल्यावर, पतींच्या मामांचा विषय न काढता, सासूबाईंना दिवस कसा गेला ते विचारा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.